मावसाजी जाळी काढतात

एका जागी बसण्याच्या कामाला आमच्या मावसाजींइतका नालायक माणूस मी अजून पाहिलेला नाही. मावसाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान. पांढुर्ण्याला घर, गावाबाहेर संत्र्याची बाग, आणि या दोन टोकांच्या मध्ये दिवसभर त्यांची मोटरसायकल. बागेत गेले की त्यांना घरचा नळ उघडा राहिल्यासारखं वाटायचं, आणि घरी आले की बागेतली मोटर चालू राहिल्यासारखं. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी झालेली असताना उठून ते समोरच्या दुकानदाराला, तुमचा बोर्ड वाकडा लागलाय, हे सांगून परत आलेले मी स्वतः पाहिले आहेत. बसमध्ये दाराजवळच्या सीटवर बसायचे आणि प्रत्येक थांब्याला, आपला असो वा नसो, उभे राहायचे. लग्नाच्या पंगतीत वरणभात संपवून पोळीची वाट पाहणं त्यांना जमत नसे. ते पान तसंच ठेवून आचाऱ्याकडे जायचे आणि पोळ्यांची थाळी घेऊन स्वतःच वाढत परत यायचे, तोवर त्यांच्या जागेवर दुसरंच कोणी बसलेलं असायचं. मावशी म्हणायची, "याईले देवानं मांडी देलीच नाई वो. नुसते पाय देले."

अशा माणसाच्या घरात धुण्याची मशीन आली. मावशीची मनगटं दुखायला लागली होती, पिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून मावसाजींनी नागपूरहून समोरून उघडणारी, गोल काचेची मशीन आणली. आणली आणि विसरले. थोड्याच महिन्यांत ती मशीन पाणी पोटात धरून बसली. कपडे आत, पाणी आत, दार उघडेना. शेवटी दुरुस्तीवाला आला. त्यानं खालचं झाकण उघडून परातभर काळं पाणी काढलं, मग आतली जाळी फिरवून बाहेर ओढली आणि मावसाजींच्या हातावर ठेवली. त्या जाळीत मावसाजींचा अख्खा खिसा होता. संत्र्याच्या बिया, सुतळीचे तुकडे, कलम बांधायची पट्टी, दोन खिळे, चुन्याच्या डबीचं झाकण. मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. मावसाजी मात्र त्या जाळीकडे असे पाहत राहिले, की जणू आपलाच एक्स-रे आपल्याला कोणी दाखवला आहे. "एवढी वस्तू या बिचारीच्या पोटात होती," ते म्हणाले, "आन् ही बोलली नाई."

त्या दिवसापासून त्यांच्या पायांना दिशा मिळाली. मशीन धुणं धुते, पण मशीनला कोण धुते, हा प्रश्न त्यांनी आमच्या साऱ्या गोतावळ्यासमोर मांडला आणि उत्तरही स्वतःच व्हायचं ठरवलं. एका जुन्या कापडी पिशवीत त्यांनी सामान भरलं: झिजलेला दात घासायचा ब्रश, फाटक्या बनियनचे चौकोन, लिंबूसताची पुडी, पाना, पेचकस आणि पाणी झेलायला एक पसरट ताटली. त्यांचे नियम ठरलेले होते. दाराच्या रबराची घडी रोज पुसायची, कारण खरी घाण तिथं लपते. धुणं झाल्यावर दार उघडं ठेवायचं. साबणाचा खण उपसून काढून नळाखाली धरायचा. आमच्याकडच्या बोरच्या पाण्याचा पांढरा थर आत बसतो, म्हणून महिन्यातून एकदा कपड्यांशिवाय, नुसत्या गरम पाण्यात लिंबूसत घालून मशीन फिरवायची. आणि हा एकदाचा दिवस कोणी विसरू नये म्हणून त्यांनी अमावस्या नेमली. मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "शुभ दिवस नाई भेटला काय?" मावसाजी म्हणाले, "शुभ दिवशी लोक बिझी राहतात. अमावस्येले सगळे खाली असतात."

मग सुरू झाल्या भेटी. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, बोरगाव, जिथं जिथं आमचं नातं आणि मशीन दोन्ही आहेत तिथं मावसाजी पिशवी घेऊन हजर. दारात चपला काढल्या की लोक पाणी विचारतात, मावसाजी विचारायचे, "मशीन कुठं ठेवली?" उत्तराची वाटही पाहावी लागायची नाही, ती त्यांना नाकानं सापडायची. दार उघडून डोकं आत घालायचं, लांब श्वास घ्यायचा आणि घरच्या बाईकडे वळून हळूच म्हणायचं, "बंद करून ठेवता न जी तुमी?" ती बाई बिचारी लगेच ओशाळायची. कुणाच्या मशीनमधून हरवलेलं कानातलं निघालं, कुणाच्या मशीनमधून देवळातून पळवलेला रुद्राक्ष. बोरगावला एका नातलगाच्या तेरवीला ते गेले होते. सगळे खाली मान घालून बसलेले, गेलेल्या माणसाबद्दल कोणी चार शब्द बोलत होतं, आणि मधूनच आतून घर्रर्र आवाज आला. न्हाणीघराजवळ मावसाजी गुडघ्यावर बसून लिंबूसताचं पाणी फिरवत होते. घरची म्हातारी रागावेल म्हणून सगळे घाबरले. ती म्हणाली, "करू द्या. बाकीचे रडून राहिले, हा काम तरी करून राहिला."

सगळंच त्यांना जमत होतं असं मात्र नाही. मोहगावला माझ्या मामेबहिणीकडे त्यांनी एकदा लिंबूसत आणि खायचा सोडा दोन्ही एकदम टाकले, दुप्पट सफाई होईल म्हणून, वर तिच्याच घरची साबणाची पावडर मूठभर. साबणाच्या खणातून फेस वर आला, खाली उतरला, न्हाणीतून अंगणात आणि अंगणातून नालीत गेला. शेजारची पोरं तो फेस अंगाला लावून नाचली. मावसाजी पायजमा वर करून त्या फेसात उभे होते आणि म्हणत होते, "पाहा किती मळ होता!" मामेबहीण अजून शपथेवर सांगते की मळ बिळ काही नव्हता.

आमच्या सौसरच्या घरी तर त्यांनी माझा संसारच हलवला. मी इथल्या शाळेत शिकवते, नवरा शेतकी खात्यात आहे, आणि त्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडल्याचं मला सांगून बरेच दिवस झाले होते. मावसाजी आले, ताटली लावली, जाळी काढली आणि ती घेऊन थेट जेवणाच्या ताटांपाशी आले. जाळीत खर्ऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पन्नीचे गोळे होते, रबर लावलेले. "जावाईबापू," मावसाजी अगदी निरागसपणे म्हणाले, "हे काय होय जी?" नवऱ्यानं भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. त्याच गडबडीत मावसाजी जाळी परत घट्ट फिरवायला विसरले आणि संध्याकाळी मी मशीन लावली तेव्हा स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी झालं. नवरा पाणी उपसत म्हणाला, "तुझे मावसाजी माणसाले कुठंच राहू देत नाईत." पण खर्रा त्यानंतर खरंच सुटला. निदान पन्नी तरी पुन्हा सापडली नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी वैशू. तिचं लग्न लोधीखेड्याला झालं. जावई बोरगावच्या एका कारखान्यात कामाला, घरी थोडी शेती, सासू, सासरे आणि एक नणंद. देण्याघेण्याचं काही ठरलं नव्हतं, पण मावसाजींनी हट्टानं मशीन दिली, आपल्यासारखीच गोल काचेची. वैशू लहानपणापासून नाजूक हाताची, थंडीत तिची बोटं फुटायची. "पोरीचं सगळं सासरी जाईन," ते म्हणाले होते, "धुणं तरी मशीनजवळ राहू दे." मशीन लावून द्यायला ते स्वतः निघाले तेव्हा मावशी दारात आडवी आली. पोरीचा बाप सासरी जाऊन न्हाणीघरात डोकं घालतो, हे तिला सहन होणार नव्हतं. तिनं त्यांच्याकडून वचन घेतलं, की लोधीखेड्याच्या मशीनला हात लावायचा नाही. लावून द्यायला आमच्याकडचा माणूस आहे, असं व्याह्यांनीही सांगितलं. मावसाजी थांबले, पण तेव्हापासून दर अमावस्येला त्यांचा फोन जायचा. मी एकदा पांढुर्ण्याला असताना तो ऐकला. मोठ्या आवाजावर लावलेला फोन हातात धरून मावसाजी अंगणात फेऱ्या घालत होते.

"जाळी काढली काय बेटा?"

"काढली न बाबा."

"काय निघालं?"

मग वैशू म्हणाली, "केस होते थोडेसे. आन् एक बटन निघालं. निळं."

"रबर पुसला?"

"पुसला."

मावसाजींचा चेहरा असा फुलला, जणू मुलगी परीक्षेत पहिली आली. दिवसभर ते मला आणि मावशीला आणि बागेतल्या मजुरांना सांगत होते, की वैशूच्या मशीनमधून निळं बटन निघालं. दर महिन्याला काही ना काही निघायचं. कधी पिन, कधी नाणं, कधी नणंदेच्या पायातल्या पट्टीचं घुंगरू. ते सगळं मावसाजींना पाठ होतं.

गेल्या हिवाळ्यात वैशूच्या नणंदेचं, सोनीचं, लग्न जमलं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी व्याह्यांकडे संत्री पोचवावी म्हणून मावसाजी क्रेट भरलेली छोटी गाडी घेऊन पांढुर्ण्याहून निघाले. मावशीचे गुडघे धरले होते. तिनं मला फोन केला, "तू सौसरहून गाडीत बस वो माय. त्याईच्या संग जा, आन् त्याईले मशीनजवळ जाऊ देऊ नको." मला शाळेला सुटी होती. मी गेले.

लोधीखेड्यात आमचं स्वागत चांगलं झालं. सासरे शेतावर गेले होते, सोनी शिंप्याकडे. विहीणबाईंनी छपरीत खाटेवर चादर अंथरली, "या न जी इवाईबुवा, बसा," म्हणाल्या. मावसाजी बसले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या गुडघ्यांवर नजर ठेवली. उजवा पाय हलायला लागला, मग डावा. त्यांनी खाटेची दोरी तपासली, छपरीचं पत्र्याचं छत पाहिलं, खांबाला धक्का देऊन बघितला. पिशवी मी गाडीतच राहू दिली होती, पण ती त्यांनी केव्हा आणून खाटेखाली सरकवली ते मला कळलंच नाही. वैशू चहा घेऊन आली. वाळली होती. तिनं ट्रे पुढे केला तेव्हा मावसाजींनी कप घेतला नाही, तिचा हात घेतला. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, अंगठ्याजवळची कातडी सोलून पांढरी पडली होती.

"हे काय होय वो?"

"काई नाई बाबा. थंडी हाय न."

तिनं हात ओढून घेतला. मावसाजींनी चहा एका घोटात संपवला, "हात धुऊन येतो," म्हणाले आणि उठले. मी मागे धावले. न्हाणीघराच्या बाहेर मोठा दगड होता, त्यावर साबणाची वडी आणि ब्रश, बाजूला भिजवलेल्या कपड्यांच्या दोन बादल्या. मशीन कुठंच नव्हती. मावसाजी थबकले, नाक वर केलं आणि पहिल्यांदाच त्यांचं नाक कामी आलं नाही. ते एका खोलीत डोकावले, मग दुसऱ्या. शेवटच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांपलीकडे, फुलाफुलांच्या कापडाखाली ती उभी होती. वर रजयांची थप्पी, त्यावर सोनीच्या साड्यांचं खोकं.

"मावसाजी, नको," मी म्हटलं. "मावशीला वचन दिलंय ना?"

त्यांनी ऐकलं नाही. कापड वर केलं, दार उघडलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला पाण्याचा पाइप होता, जसा कारखान्यातून आला तसा. माहितीचं पुस्तकही तसंच, सील न तोडलेलं. मावसाजींनी रबरावरून बोट फिरवलं. नव्या रबरावर असते तशी पांढरी भुकटी त्यांच्या बोटाला लागली. ते वाकून मागे गेले. नवीन मशीन गाडीतून आणताना आतला डबा हलू नये म्हणून मागून बोल्ट कसलेले असतात. ते काढल्याशिवाय मशीन चालवायचीच नसते. ते चारही बोल्ट जागच्या जागी होते. मग त्यांनी खालचं झाकण उघडलं, ताटली न लावताच, आणि जाळी काढली. कोरडी होती. स्वच्छ. एखाद्या नव्या चाळणीसारखी चकचकीत.

वैशू दारात येऊन उभी होती. मावसाजी जमिनीवर बसलेले होते, मांडी घालून, जाळी तळहातावर. त्यांचं काहीच हलत नव्हतं. मला ते पाहवेना.

"वैशू," ते म्हणाले, "ते निळं बटन कुठून निघालं होतं वो?"

वैशूनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "तुमाले बरं वाटे बाबा," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. त्या लबाड बाई नव्हत्या. त्यांनी काहीही लपवलं नाही. "नवी वस्तू हाय, जपून ठेवली जी," त्या म्हणाल्या. "सोनीच्या लग्नात देऊ म्हटलं. घरात एक असताना दुसरी कायले घ्या? धुणं काय, हातानं होऊन जाते. म्या जन्मभर हातानंच धुतलं." आणि त्यांनी आपले हात पुढे केले. बोटं मुळांसारखी वाकडी झालेली, सांधे सुजलेले. मावसाजींनी ते हात पाहिले आणि वैशूचे पाहिले. मला वाटलं, आता भांडण होणार. सोनीचं साक्षगंध तोंडावर आलेलं आणि दोन्ही घरं समोरासमोर.

मावसाजी उठले. "सोनीले देजा," ते म्हणाले. "खुशीनं देजा. पण दोन वर्षं उभी हाय. चालू होते का नाई ते पाहा लागन न? उद्या पोरीच्या सासरी नेली आन् बंद पडली, त नाव कोणाचं जाईन? मीच आणली होती. मले टेस्टिंग करू द्या."

विहीणबाई दारातून बाजूला सरल्या. मावसाजींनी छपरीतून पिशवी आणली, पान्यानं बोल्ट काढले, रजया उतरवल्या, आणि आम्ही तिघांनी, म्हणजे मावसाजी, मी आणि गाडीवाल्यानं, ती मशीन ढकलत न्हाणीघराशी नेली. फरशी उंचसखल होती, मशीन डुगडुगत होती. पाय फिरवून, खाली पुठ्ठ्याची घडी घालून त्यांनी ती सरळ केली. पाइप नळाला लावला. "द्या कपडे," ते म्हणाले. भिजवलेल्या दोन बादल्या गेल्या. त्या झाल्यावर ते म्हणाले, "हलक्या कपड्याईनं काय समजते? जड आना." मग सासऱ्यांची धोतरं, चादरी, पडदे, जावयाचे कारखान्यातले तेलकट कपडे. मावसाजी मशीनसमोरून न्हाणीत, न्हाणीतून अंगणात, अंगणातून मशीनसमोर. दोरी कमी पडली तेव्हा संत्र्याच्या क्रेटची सुतळी सोडून त्यांनी जांभाच्या झाडाला बांधली. गल्लीतल्या बाया कुंपणापाशी गोळा झाल्या. सुनेचा बाप व्याह्यांचं धुणं वाळत घालतोय, असं दृश्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एकीनं विचारलंच, "काय करून राहिले जी?" मावसाजी चादर झटकत म्हणाले, "टेस्टिंग!"

विहीणबाई आधी दाराआड होत्या, मग दारात आल्या, मग त्यांनी पाट ओढला आणि त्या गोल काचेसमोर बसल्या. आत त्यांचं लुगडं फिरत होतं, वर जात होतं, धपकन पडत होतं. मशीन जोरात गरगरायला लागली तेव्हा त्या घाबरून मागे सरकल्या. मावसाजींनी दार उघडून लुगडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते दाबलं, दोन्ही मुठींत धरून पिळून पाहिलं. त्यांच्या बोटांना कितीक दिवसांत लुगडं पुरतं पिळता आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. या लुगड्यातून थेंब पडला नाही. "माय वो," त्या हळूच म्हणाल्या, "हे पिळलं कोनं?"

पण सगळं तिथंच गोड झालं असं नाही. उन्हं कलताना जावई कारखान्यातून आले, अंगणात मावसाजींच्या हातात आपली पँट पाहून लाजेनं काळेठिक्कर पडले आणि त्यांच्या हातून बादली घेऊन उरलेले कपडे स्वतः वाळत घालू लागले. आणि वैशू, माझी गरीब वैशू, मला न्हाणीघरामागे गाठून रडली आणि बापावर चिडली. मावसाजी तिथं आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "तुमी आता निघून जाल बाबा. उद्या सगळ्या गल्लीत होईन. ते बोलणे मले ऐका लागतीन, तुमाले नाई. कोणी सांगतलं होतं तुमाले?"

दिवसभर चाललेल्या मावसाजींच्या हातांना काय करावं ते कळेना. त्यांनी ते ओलेच खिशात घातले. "मले फक्त सांगत जा न वो," ते म्हणाले. "जसं हाय तसं सांगत जा." वैशूनं डोळे पुसले आणि त्यांना खोबऱ्याचं तेल आणून दिलं, साबणानं हात कोरडे पडले होते म्हणून. परतीच्या वाटेवर सौसरला मी गाडीतून उतरले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मावशीले मी सांगतो. तू नको सांगू."

पुढचे काही आठवडे वाईट गेले. वैशूचा फोन यायचा नाही, केला तर मावशीशी बोलून ठेवून द्यायची. मावसाजींनी नात्यातल्या मशीनही सोडल्या. बागेत जायचे आणि बागेतच फिरत राहायचे, ज्या झाडाची छाटणी झाली त्याचीच पुन्हा करायचे. मावशी मला म्हणाली, "मी वचन घेतलं नसतं त याईले पहिल्या महिन्यातच समजलं असतं." सोनीचं लग्न लागलं. आम्ही सगळे गेलो होतो. रुखवताजवळ मावसाजी नजर चोरत उभे होते. भांडी होती, कपाट होतं, गादी होती, मशीन नव्हती. विचारायची हिंमत आमच्यापैकी कोणाला झाली नाही. मग एका सकाळी मावसाजींचा फोन वाजला आणि पलीकडे विहीणबाई होत्या. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती, त्या ओरडूनच बोलत होत्या. "इवाईबुवा, ते तुमची मशीन खालून पाणी गाळून राहिली जी. वैशू म्हणते जाळी ढिली असन. म्या म्हटलं तुमालेच विचारावं." मावसाजींनी चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी सापडली नाही, आणि ते एका पायात चप्पल घालून बसस्टँडकडे निघाले तेव्हा मावशीनं त्यांना परत बोलावलं. या वेळी अडवायला नाही. पिशवी राहिली होती म्हणून.

या उन्हाळ्यात वैशू बाळंतपणाला पांढुर्ण्याला आली. मुलगी झाली. मी सुटीत भेटायला गेले तर मावसाजी अंगणात पाटावर बसून छोट्याशा घमेल्यात बाळाची झबली हातानं धूत होते. वैशू खाटेवरून म्हणत होती, "राहू द्या न बाबा, मशीनमधी टाका." मावसाजी म्हणाले, "एवढ्याशा कपड्याले मशीनमधी काय भेव वाटत नसन?" प्रत्येक झबलं ते तीनतीनदा निथळत होते, गालाला लावून नरम झालं की नाही ते पाहत होते, आणि दोरीवर एकेक असं अंतर ठेवून घालत होते, की ऊन सगळ्यांना सारखं लागावं. सव्वा महिना झाला, जावई आणि विहीणबाई गाडी घेऊन आले, वैशू लेकराला घेऊन लोधीखेड्याला गेली. मी अजून दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी अंगणात गेले तर पूर्ण दोरी रिकामी, आणि तिच्या टोकाला बाळाचं एक टोपडं लटकत होतं. मावशी म्हणाली, "राहूनच गेलं पाहा. उद्या कोणाच्या तरी हाती पाठवा." मावसाजी दोरीखाली उभे होते.

"राहू दे एकदोन दिवस," ते म्हणाले. "ओलं हाय अजून."

ते बागेकडे निघून गेल्यावर मी टोपड्याला हात लावून पाहिला. ते केव्हाचंच वाळलं होतं. मी ते तसंच दोरीवर राहू दिलं.